रावजीशेटांच्या ब्रेकातली हवा

मनुष्य चालायला केव्हा शिकला याविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी थांबायला तो अजून शिकलेला नाही याविषयी सर्वांचे एकमत आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रेक निघाला.

चौलच्या रावजीशेटांनी सन सदतीस साली मुंबईच्या एका व्यापाऱ्याची वापरलेली मोटार घेतली, ती मुख्यतः या ब्रेकावर भाळून. तो सळ्यांचा नसून तेलाचा होता. पेडलवर पाय द्यावा, तेलाने तो निरोप नळीतून चाकांना पोचवावा आणि चाकांनी मुकाट थांबावे, अशी व्यवस्था. मात्र नळीत हवा शिरली की निरोप वाटेतच जिरतो. पेडल लोण्यात पाय घातल्यासारखे खाली जाते आणि चाके आपल्या विचाराने चालत राहतात.

रावजीशेटांच्या मोटारीत अशी हवा दिवाळीपासून होती. त्यांनी अंगणाच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची उडवी रचून घेतली आणि मोटार त्या उडवीत शिरून थांबू लागली. (उडवीला तेल लागत नाही आणि वेळप्रसंगी ती गुरांना घालता येते. ही सोय अमेरिकेत अद्याप झालेली नाही.)

पण वैशाखात रावजीशेटांच्या बायकोच्या, नीराबाईंच्या, धाकट्या भावाचे लग्न अलिबागेत निघाले. गोरज मुहूर्त, आणि नीराबाई करवली. अलिबागेत उडवी नव्हती. तिथे रस्ता सरळ जातो आणि मग समुद्र लागतो. बैल तर मोटार आली त्याच आठवड्यात विकले होते, आणि मोटारवाल्याची बायको भाड्याच्या मोटारीतून उतरली असती तर अलिबागकरांना बोलायला वर्षभर पुरले असते. तेव्हा लग्नाच्या दिवशी सकाळी हवा घरीच काढायचे ठरले.

मोटारीबरोबरच्या पुस्तिकेप्रमाणे या कामाला दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावे. दुसऱ्याने खाली निजून चाकामागचा स्क्रू सैल करावा, हवा आणि तेल बाहेर येऊ द्यावे आणि स्क्रू पुन्हा आवळावा. त्यानंतरच पहिल्याने पाय उचलावा. आधी उचलला, तर बाहेरची हवा आत. पुस्तिका परदेशात छापलेली असल्यामुळे तीत तिसऱ्या माणसाचा उल्लेख नाही.

रावजीशेटांच्या घरी तिसरे माणूस लागे. कारण दसऱ्याला पूजा झाल्यापासून मोटार ही घरची लक्ष्मी ठरली होती, आणि लक्ष्मीला परक्याचा पाय लागू द्यायचा नाही असा त्यांच्या मातोश्री येसूबाईंचा दंडक होता. म्हणून पेडलवर नीराबाई. पण सासूदेखत नवराबायकोने एकमेकांशी थेट बोलणे त्या घराच्या रीतीत बसत नव्हते. लग्नाला चौदा वर्षे झाली तरी बसत नव्हते. (पाच मुले झाली, ती बहुधा निरोपानिरोपीने.) म्हणून निरोप पोचवायला ओटीवर येसूबाई. येसूबाईंनी घटकाभर आत जाऊन पडावे, हा पर्याय कोणालाच सुचला नाही.

कामास विधिपूर्वक प्रारंभ झाला.

“आये, दाबायला सांग,” मोटारीखालून आवाज आला.

“दाब गं,” येसूबाई म्हणाल्या. “आणि पदर नीट घे.”

“दाबलं म्हणून सांगा, आत्याबाई.”

“दाबलं म्हणते. सकाळची भाकरी मात्र करपलीच होती.”

रावजीशेटांनी स्क्रू सैल केला. तेलाबरोबर बुडबुडे आले. आपण स्क्रू आवळीपर्यंत पाय तसाच धरून ठेवायला सांग, असे त्यांनी आईला सविस्तर कळवले. येसूबाईंना पाल्हाळ आवडत नसे. “बंद करतोय गं,” एवढेच त्या म्हणाल्या. नीराबाईंनी पाय उचलला. गेली तेवढी हवा परत आली, वर थोडी नवी.

दुपारपर्यंत हेच चालले, आणि हिशेबात हवेची आयात निर्यातीपेक्षा जास्त भरली. तेल मात्र संपले. ब्रेकच्या तेलात एरंडेल असते हे पुस्तिकेत वाचून रावजीशेटांनी आईच्या औषधाची बाटली मागितली. येसूबाईंनी ती दिली, पण दोन चमच्यांवर घालू नये असे बजावून, कारण रिकाम्या पोटी जास्त बाधते.

ऊन पोफळींच्या शेंड्यांवर चढले. बाटलीच्या तळाशी एका खेपेपुरते एरंडेल उरले. शालू नेसून सकाळपासून पेडलवर बसलेल्या नीराबाईंनी एकदा उन्हाकडे पाहिले, एकदा बाटलीकडे.

“अहो,” त्या पायांखालच्या फळीला म्हणाल्या. “आता मी पाय उचलायची न्हाय. आवळून झालं की मला सांगा. दुसऱ्या कुणाला नको.”

मोटारीखाली पाना पडल्याचा आवाज झाला.

“बरं,” रावजीशेट म्हणाले.

चहाला उकळी यायच्या आत चारही चाकांच्या नळ्यांतली हवा गेली. पेडल दगडासारखे झाले.

“मग मला कशाला बसवलंय?” येसूबाईंनी समोरच्या फणसाला विचारले.

वाटेत नागावजवळ म्हैस आडवी आली. रावजीशेटांनी सवयीने आधी उडवी शोधली, मग पाय दिला. मोटार जागच्या जागी थांबली. मागे बसलेल्या येसूबाई पुढच्या बाकावर आदळल्या.

“त्याला सांग,” त्या सुनेला म्हणाल्या, “बेताने थांब म्हणावं.”

“अहो, आत्याबाई म्हणतात, बेताने थांबा.”

“बरं म्हणून सांग.”

मुहूर्त गाठला. नीराबाई दिवा घेऊन भावामागे उभ्या राहिल्या. तेव्हापासून त्या घरात मायलेक एकमेकांशी नीराबाईंमार्फत बोलतात. नीराबाई निरोप पोचवतात, थोडक्यात.

चौलकरांना हसायला आपली हरकत नसावी. आपण सुधारलेली माणसे, आपल्या घरात कोणीही कोणाशी थेट बोलते. काल रात्री तेवढे “जेवायला वाढलंय म्हणून सांग त्यांना” असे कोणीतरी लेकीला म्हणाले, तेव्हा ‘ते’ दोन हातांच्या अंतरावर पाटावरच बसले होते, आणि “आलो म्हणून सांग” असा उलट निरोपही गेला. वाढणारे कोण आणि बसलेले कोण, हे आम्ही विचारत नाही. हवा कोणाच्याही नळीत शिरते, आणि एरंडेल कोणत्याही वाण्याकडे मिळते.