पंख्याखालची सतरंजी

भागरथाबाई कोणावर रागावली की त्याच्याकडे पाठ करून बसते. बोलणं मात्र बंद करत नाही, हीच पंचाईत. पाठ तुमच्याकडे आणि बोलणं समोरच्या भिंतीशी, खांबाशी, नाहीतर बांधलेल्या बकरीशी. "बकरे, त्याले सांग, तुह्यं कोंबडं पुन्हा माह्या आंगणात आलं तं रश्श्यात दिसन."

तिची पाठ पाहिली नाही असं घर आमच्या मोहल्ल्यात आता उरलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत तिला कुठे बसवायचं, याचा घोर नवरीच्या बापाला वरातीपेक्षा जास्त. इकडे तोंड करावं तर पोलीस पाटील समोर येतो, तिकडे करावं तर तिच्या ठेकेदार जावयाचे भाऊ. शेवटी तिला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसवतात, आणि वाढणारे भाजीची बादली घेऊन भिंत आणि तिच्यामधून अंग चोरून जातात. रेशनच्या दुकानात ती दुकानदाराकडे पाठ करून पिशवी मागे धरते. दवाखान्यातल्या डॉक्टरने तंबाखूचा खर्रा सोडायला सांगितला, तेव्हा तिथेही फिरून बसली. डॉक्टर भला माणूस, त्याने नळी पाठीला लावली आणि म्हणाला, बरं झालं, मी हेच सांगणार होतो. आधार कार्डाच्या वेळी फोटो काढणाऱ्या मुलाने तिला "आजी, जरा हसा" म्हटलं आणि अख्खी दुपार तिचं तोंड कॅमेऱ्यासमोर आणण्यात गेली.

असं का करतेस म्हणून विचारलं की एकच उत्तर. "माह्यं तोंड काय फुकटचं आहे?"

मी तिची शेजारीण. दोन्ही घरांच्या मध्ये एक भिंत, आणि ती बोलते ती याच भिंतीशी. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीचे कान म्हणजे मी. तीस वर्षं ऐकते आहे. मला तिचा राग येतो, तिच्या जावयाचा त्याहून जास्त येतो, आणि सगळ्यात जास्त येतो तो बत्तीस वर्षांच्या एका बाईचा. ती बाई म्हणजे तीस वर्षांपूर्वीची मी.

त्या वर्षी आमच्या वॉर्डाची जागा पहिल्यांदा बाईसाठी राखीव झाली. सरपंचपदही बाईचंच. म्हणजे आमची बाई निवडून आली की सरपंच तीच होणार, हे उघड होतं. अट एकच, मोहल्ल्यातून एकच उमेदवार जायला हवी. दोन गेल्या की मतं फुटणार आणि पलीकडच्या आळीवाले हसत हसत खुर्चीत बसणार.

म्हणून आमच्याकडे पद्धत होती. बुद्धविहारात सभा घ्यायची, जितके इच्छुक तितक्या सतरंज्या अंथरायच्या. ज्याला जो पटेल, त्याने त्याच्या सतरंजीवर जाऊन बसायचं. हात वर करायची भानगड नाही, चिठ्ठी नाही. जिकडे गर्दी, तो मोहल्ल्याचा उमेदवार, आणि दुसऱ्याने त्याच्या मागे उभं राहायचं. माझा नातू आता मोबाईलवर टिचकी मारून टीव्हीवरच्या गाणाऱ्यांना मत देतो आणि आमच्या सतरंज्यांना हसतो. हसू दे. सतरंजीवर बसायला पाय लागतात, आणि उठून दुसरीकडे जायला त्याहून जास्त काही लागतं.

त्या वर्षी दोन नावं होती. एक चंद्रकला. नवरा नाही, मूल नाही, बाजारात मासोळी विकायची. बोअरिंगसाठी बायांना घेऊन, डोक्यावर पाण्याचे रिकामे गुंड घेऊन ती तालुक्याच्या ऑफिसवर गेली होती आणि बोअरिंग मंजूर झाल्याशिवाय पायरीवरून उठली नव्हती. दुसरी सुनंदा. भागरथाबाईची एकुलती लेक, गावातच दिलेली, रोडाची कामं घेणाऱ्या ठेकेदाराची बायको.

मी सुनंदाच्या बाजूची. का, तर ती दहावी पास होती, आणि मी बारावी. मोहल्ल्यातली एकटी बारावी. चंद्रपूरहून आणलेला काळा गॉगल मी तेव्हा सावलीतही काढत नसे, आणि आपल्याला इंदिरा आवासाच्या घरात कोणी तरी विसरून ठेवून गेलंय, असं मला मनापासून वाटायचं. मासोळीच्या वासाची बाई सरपंच? छे. सुनंदासाठी मी रात्र जागून भाषण लिहिलं, चांगलं दोन पानी. "आम्ही बाया आता गप्प बसणार नाही" हे माझं वाक्य. ते लिहिल्यावर मी स्वतःच उठून आरशात पाहिलं होतं.

सभेचा दिवस कडक उन्हाचा. विहारात पंखा एकच, आणि सुनंदाची सतरंजी नेमकी त्याच्याखाली. ती तिथे ठेकेदाराने सकाळीच अंथरली होती. चंद्रकलाची दाराजवळ, चपलांना लागून. लोक आले तसे पंख्याखाली बसत गेले. मी पहिल्या रांगेत, गॉगल लावून. भागरथाबाईही तिथेच, लेकीच्या अगदी पुढ्यात, गुडघ्याला गुडघा. तिचं तोंड त्या दिवशी उजळलं होतं. माह्या लेकीले सारा गाव आयकन, असं ती आठवडाभर भिंतीला सांगत होती. रागाशिवाय तिने भिंतीला सांगितलेली ही मला आठवते तेवढी एकच गोष्ट.

चंद्रकला थोडकंच बोलली. पाण्याची टाकी आपल्या बाजूला बांधायची, बाकी मागून पाहू. मग सुनंदाची पाळी. तिने माझी दोन पानं हातात घेतली, घसा खाकरला. तेवढ्यात ठेकेदार उठला, तिच्या हातातली पानं काढून घेतली आणि स्वतःच वाचायला लागला. खणखणीत आवाजात. "आम्ही बाया आता गप्प बसणार नाही." मिशीवरून हात फिरवून पुढचं वाक्य.

आणि मी काय केलं? टाळी वाजवली. माझं वाक्य होतं ना.

भागरथाबाई जागच्या जागी फिरली. जावयाकडे पाठ, तोंड खांबाकडे. "खांबा, पाह्य. जावई म्हणून राह्यला, आमी बाया गप नाई बसणार."

पोरं हसली. ठेकेदारही हसला. कोणी तरी सुनंदाला विचारलं, निवडून आली तर पहिलं काम काय करशील? सुनंदाने तोंड उघडलं. ठेकेदार म्हणाला, "ती पहिले रोड करन."

भागरथाबाईने खांबाला सोडलं आणि पहिल्यांदा सरळ लेकीला विचारलं. "तू सांग ना वं, सुनंदा. तुले काय वाटते?"

सुनंदाने नवऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. पंखा फिरत होता. माझी दोन पानं ठेकेदाराच्या हातात फडफडत होती. भागरथाबाईने वाट पाहिली, मग जमिनीला हात टेकून उठली.

"माही लेक उभी राह्यली असती तं मी इथून हालली नसती. इथी जावई उभा आहे, लुगडं नेसून."

ती चालत दाराकडे गेली आणि चंद्रकलाच्या सतरंजीवर बसली. लेकीकडे पाठ करून. तिच्या मागे कोणीही गेलं नाही.

आणि मग लाईट गेली.

पंखा थांबला. विहारात नुसती भट्टी. पाचेक मिनिटं लोकांनी निष्ठा राखली. मग एक म्हातारी उठली, बापा बापा करत दाराजवळच्या हवेला जाऊन बसली. तिच्या मागे तिची सून, सुनेच्या मागे पोरं. पाहता पाहता पंख्याखालची सतरंजी ओस पडली आणि चंद्रकलाच्या सतरंजीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. पंख्याखाली उरले कोण? सुनंदा, ठेकेदार, त्याचे भाऊ आणि मी. घामाने गॉगल नाकावरून घसरत होता, तो मी बोटाने वर करत होते. तत्त्व म्हणून. त्या मूर्ख बाईला आज एक थापड मारावीशी वाटते, पण ती माझ्याच गालावर बसेल.

पंचांनी चंद्रकलाचं नाव जाहीर केलं. ठेकेदार भडकला. हे लाईट गेल्यावरचं मत आहे, हे मी मानत नाही, म्हणाला. आणि खोटं काय बोलला? निम्मी माणसं हवेलाच गेली होती. पण एक बाई पंखा चालू असताना गेली होती, थंडगार वारा सोडून, पोटची लेक सोडून. तिचं मत तरी कोणी मोजायचं होतं. ते मोजलं नाही, कारण त्याच्यापुढे सगळ्यांना मान खाली घालावी लागली असती.

ठेकेदाराने पद्धत मोडली. सुनंदाचा फॉर्म भरला. मतं फुटली, पलीकडच्या आळीची बाई सरपंच झाली, टाकी त्यांच्याकडे गेली. त्यानंतर किती सरपंच झाले. आता आमच्याकडे नळही बसवलेत, कोरडे. बायका अजून नाल्यापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणतात. आणि ठेकेदार सांगत फिरतो, सासूने घात केला. सासूने! हे ऐकलं की अजून माझ्या हाताला लाटणं शोधावंसं वाटतं.

सुनंदाने ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून तिने आईच्या घरात पाय ठेवला नाही. तीन गल्ल्या पलीकडे राहते. वाटेत आई दिसली की फिरून उभी राहते, पाठ करून. शेवटी लेक कोणाची?

भागरथाबाई कधी समजूत काढायला गेली नाही. मी भिंतीतून कितीदा ओरडले, जा, आई आहेस तू, लहान हो. भिंतीने उत्तर दिलं नाही. म्हणून मी तिला दगड म्हणायची. तोंडावर म्हणायची, म्हणजे पाठीवर.

परवाच्या पौर्णिमेला विहारात वंदनेला गेलो. आता चार पंखे आहेत. भागरथाबाईचे गुडघे गेलेत, म्हणून मी पोरांना दटावून तिच्यासाठी पुढे खुर्ची ठेववली. आणि ही बया कुठे? सगळ्यात मागे, चपलांच्या बाजूला, जमिनीवर. दर वेळी हेच. मला राग आला. म्हातारीला चपलांत बसवलं म्हणून लोक आम्हाला नावं ठेवतील. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, खुर्चीवर चल म्हटलं.

"सरक," ती म्हणाली. "दिसून नाई राह्यलं."

तिच्यासमोर भिंत नव्हती, खांब नव्हता. मी वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत, वंदनेच्या पांढऱ्या लुगड्यात, सुनंदा. केस पांढरे झालेले. आमच्याकडे तिची पाठ.

मी खाली बसले. ती हळूच बोलली, भिंतीशी नाही, माझ्याशी.

"डावा खांदा उतरला तिचा. मांगच्या पौर्णिमेले एवढा नव्हता. अजून पाणी आणून राह्यली वाटते डोक्यावर. आता वय आहे काय तिचं?"

मी म्हटलं, "मग जा ना. पुढं जाऊन विचार."

"नाई. तिनं मले पाह्यलं तं उठून जाईन ते." तिने पदराने डोळ्याची कड पुसली, पण नजर काढली नाही. "मांगून दिसते तेवढं पुरते."

वंदना सुरू झाली. पुढे कोणाची तरी उंच सून उशिरा येऊन नेमकी मध्ये बसली. मी गुडघ्यांवर रांगत गेले, तिचा दंड धरला आणि तिला बाजूला सरकवलं. काऊन म्हणून तिने विचारलं. गप बस म्हटलं.