आत्माराम नाना आणि हळद लागलेली रायफल

आत्माराम नाना माझ्या दुकानात नट घ्यायला आले की आधी डोळे मिटतात. मग खिशातून घरचा बोल्ट काढतात, माझा नट त्यावर दोन बोटांनी फिरवतात आणि कान जवळ नेऊन ऐकतात. विसरवाडीत आमचं हार्डवेअरचं दुकान आजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं, पण तीन पिढ्यांत नट ऐकणारं गिऱ्हाईक हे एकच. हायवेवर ट्रक उभा करून आलेला ड्रायव्हर मागे ताटकळत असतो आणि नाना शांतपणे निकाल देतात, "शेठ, हाऊ आटा रडी ऱ्हायना." आटा, म्हणजे नटाच्या आतला पेच, रडला की पुढचा नट काढा.

नाना पोलीस खात्यात आर्मोरर होते. म्हणजे बंदुकांचे डॉक्टर. उभी नोकरी रायफली खोलण्यात आणि जोडण्यात गेली. रिटायर झाल्यावर रायफली सुटल्या, खोड सुटली नाही. बायको वारलेली, मुलगा सुरतला, घरात एकटेच. त्यामुळे हात शिवशिवले की ते शेजारणीच्या कुकरवर जातात, नाहीतर एसटीच्या खिडकीवर. नवापूरच्या डॉक्टरनं कवळी बसवून दिली, तर "फिटिंग बरोबर नही" म्हणून माझ्याकडची कानस नेऊन यांनी ती घरीच घासली. तेव्हापासून 'शेठ' म्हणताना शिट्टी वाजते. शेंबड्या पोरालाही हसू येईल, मी तर गल्ल्यावर समोरच बसलेला.

त्यांचं एकच तत्त्वज्ञान. "जोर लागी ऱ्हायना म्हंजे चूक शे." बरणीचं झाकण असो की माझ्या दुकानाचं शटर, कुणी जोर लावताना दिसलं की नाना रस्ता ओलांडून सांगायला येणार.

आणि या महाशयांच्या स्वतःच्या दाराला काय, तर गंजून काळं पडलेलं कुलूप. चावी घालायची, गव्हाच्या दाण्याएवढी मागे ओढायची, डावीकडे झुकवायची, फुंकर मारायची, मग कुलपाची मर्जी. पाच मिनिटं कुठे गेली नाहीत. नवं दाखवलं की "दखू" म्हणायचे आणि तेलाची बाटली घेऊन जायचे. चिक्कू माणूस, असं मी गावभर सांगत होतो.

मग खंडेनवमीला गंमत झाली. जवळच्याच एका ठाण्यात. कुठल्या ते सांगत नाही, मला इथेच धंदा करायचाय. दरवर्षी शस्त्रपूजेत रायफलीला बाहेरून हळदकुंकू लागतं. यंदाच्या नव्या हवालदाराची भक्ती तेवढ्यानं भागेना. त्यानं दोन एसएलआर रायफली एकाच चादरीवर खोलल्या आणि एकूण एक भागाला, नळीच्या तोंडालासुद्धा, तेलात कालवलेली हळद लावून वर अक्षता टाकल्या. जोडताना एकीचा पिस्टन अर्ध्यात अडकला. गोळी सुटली की तिच्या गॅसच्या धक्क्यानं हाच पिस्टन मागे जातो आणि पुढची गोळी आपोआप चढते. तो अडला की रायफल म्हणजे नुसती काठी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या साहेबांची तपासणी.

जीप नानांना न्यायला आली, तेव्हा गंमत बघायला मीही चढून बसलो. नाना मात्र दाराला कुलूप लावत होते. ड्रायव्हरनं तीनदा हॉर्न दिला. नानांनी कुलपावर फुंकर मारली.

ठाण्यात टेबलावर लाकडी हातोडी दिसली. नाना म्हणाले, "हाई हातोडी कोनी शे?" कुणीच वाली निघेना. मग त्यांनी तो पिस्टन हलक्या हातानं काढून दुसऱ्या रायफलीत घातला. लोण्यासारखा गेला. दुसरीचा पिस्टन हिच्यात घातला, तोही अडला. "पिस्टन बिचारा निर्दोष शे," नाना म्हणाले आणि सळईला चिंधी बांधून अडणाऱ्या रायफलीची, पिस्टन ज्यात सरकतो ती गॅसची नळी आतून पुसली. चिंधी पिवळीधमक झाली, आणि मागोमाग तांदळाचा एक दाणा बाहेर पडला.

"रायफलले हळद लागी गई. आते नवरदेव दखा."

फौजदार साताऱ्याकडचे, अहिराणी कळत नव्हती. मी मराठीत समजावून सांगितलं, तरी हसले नाहीत. नळी दोनदा पुसून नानांनी नुसता पिस्टन तिच्या तोंडाशी ठेवला आणि रायफल जराशी तिरकी केली. पिस्टन आपल्या वजनानं आत सरकला. बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तपासणी पार पडली आणि ठाण्यानं नानांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि एक भलंमोठं पितळी कुलूप. कुलपाची अक्कल माझी. वर मी भाषणही ठोकलं, की सरकारच्या रायफली सोडवणाऱ्या या माणसाला घरचं दार सुटत नाही. ठाणं पोट धरून हसलं. नाना हसले नाहीत, ते मी पाहिलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच ते कुलपाचा खोका घेऊन आले. न फोडलेला.

"फुकट भेटनं शे, लाई टाका ना नाना," मी म्हटलं.

"जुना कुलपाले दोन चाव्या शेतस, शेठ. एक मन्हाजोडे. एक भूषणजोडे."

भूषण त्यांचा मुलगा. नानांनी त्याला रोज पहाटे हायवेवर पळवलं होतं, तीनदा पोलीस भरतीला उभं केलं होतं. तिसऱ्यांदा नापास झाला त्या दिवशी बाप चारचौघांत नको ते बोलला आणि पोरगा खिशातल्या चावीसकट सुरतेची गाडी धरून गेला. चार वर्षं झाली, एक फोन नाही. आख्ख्या गावाला हे माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि तरी मी ते भाषण केलं. आता माझी मलाच लाज वाटली.

"मग तुम्हीन फोन करा ना," मी म्हटलं.

"मी पहिलेच भलता जोर लाया, शेठ." शिट्टी वाजली. मला हसू आलं नाही. "त्याना स्वभाव जोर लावाना नही. तो इना, अन त्यानी चावी बसनी नही, ते तो दारले धक्काबी मारनार नही. तसाच परत चालना जाई."

मग जुनं कुलूप आतून मोकळं करायला त्यांनी बारीक कानस मागितली आणि मशीनचं तेल. मी दोन्ही काढून दिलं. कानस त्यांनी डोळे मिटून अंगठ्यावर फिरवून पाहिली. मागे एक ड्रायव्हर घाई करत होता, त्याला मी थांब म्हटलं.