गाठ पडते का?

पंगतीत शेजारीशेजारी एकाच रंगाचे पटके दिसले, की माधव मास्तर भरलं पान सोडून उठत आणि एकाला पलीकडे बसवत. वाढपी खोळंबत, वरमाय कपाळाला हात लावी. मास्तर मात्र "आता बरोबर झालं" म्हणत वरणभात कालवायला मोकळे.

आमच्या झरी गावात ते गणित शिकवत. लग्न केलं नाही. कुठंही गेले तरी त्यांचा एकच सवाल, "गाठ पडते का?" ज्यांची गाठ पडते त्यांचे रंग वेगळे; ज्यांची पडत नाही त्यांचा एक असला तरी चालतो.

तळ्यावर आमच्या मेंढरांचे कळप मिसळत, भांडणं होत. मास्तरांनी कोण कधी पाण्यावर येतो ते विचारलं, कागदावर दर कळपाचा ठिपका काढला आणि गाठ पडणाऱ्यांमध्ये रेघा ओढल्या.

"एका वेळी पाण्यावर जास्तीत जास्त तीन कळप. मंग रंगबी तीनच लागतेत. चौथा मागाल तर छडी."

नऊ कळप, पाठीवर लाल, हिरवा, निळा. कळप मिसळले तरी रंगावरून निवडता येत; भांडणं थांबली.

माझा रंग हिरवा. पुढच्या साली लोकर कातरल्यावर पुन्हा रंगवायची वेळ आली. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला निळा घरात होता. वाया कशाला, म्हणून तोच फासला. चार दिवसांत माझी मेंढरं सखारामच्या निळ्यांत मिसळली आणि निवडता येईनात. यंदा मास्तरांनीच मला निळा दिला असं समजून गाव म्हणालं, मास्तरचं गणित चुकलं. मीही मान डोलावली. त्यानंतर त्यांना कुणी रंग विचारला नाही. पंगतीत त्यांनी उठणंही सोडलं.

परवा पारावर, सगळ्यांदेखत, मी खरं सांगून टाकलं.

सखाराम म्हणाला, "आन मी मास्तरला येडा म्हणत फिरलो. लय बेइमान हायेस, किसन." मग त्यानंच तंबाखू पुढं केली.

हलक्या अंगानं मी मास्तरांकडे गेलो.

"ठाव व्हतं मला," ते म्हणाले.

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर तुमची न सखारामची गाठभेटच तुटली असती."

त्यांनी जुना कागद काढला. कोपऱ्यात एक ठिपका होता, त्याला एकही रेघ नव्हती.

"ह्यो कुणाचा कळप?"

"कळप न्हाई, मी हाय. कुणाशी गाठ न्हाई, मंग कुठलाबी रंग चालतो."

मी त्यांची पेन्सिल घेतली आणि माझ्या ठिपक्यापासून त्यांच्यापर्यंत रेघ ओढली.

मास्तरांनी रेघेकडे बघितलं. मग माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे, मग स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याकडे.

"बसा, किसनराव," ते उठत म्हणाले. "सदरा बदलून येतो."