दाजी मास्तरांची लेखी परवानगी

वालावलच्या दाजी मास्तरांनी जन्मात एकच नाटक लिहिलं, 'होडीतला जावई'. स्वखर्चाने छापलं आणि पहिल्याच पानावर ठणकावलं, 'लेखकाच्या लेखी परवानगीशिवाय प्रयोग करू नये.' वीस वर्षं लोकांनी हा हुकूम तंतोतंत पाळला. कुणी प्रयोगच केला नाही.

मास्तर निवृत्त झाले, बायको जानकी वारली, मुलगा मुंबईला गेला. त्याचं कार्ड महिन्याकाठी यायचं, 'आम्ही खुशाल, आपण खुशाल असावे.' घरात बोलायला माणूस नव्हतं. अशात १९५८ साली एके दुपारी पोस्टमन शंकर ओरडतच आला.

"मास्तरानू, तळेऱ्यासून पत्र इला! थंय कोण आसा तुमचा?"

तळेऱ्याच्या हौशी मंडळाचे चिटणीस सत्यवान यांनी नाटकाची परवानगी मागितली होती. मास्तरांनी ते पत्र चार वेळा वाचलं, त्यातलं एकदा मोठ्याने, जानकीच्या फोटोसमोर. लगोलग चांगल्या कागदावर परवानगी लिहिली, सही केली आणि पाकिटात घालताना त्यांचा हात थांबला. हा कागद गेला की पत्रव्यवहार संपला!

म्हणून त्यांनी वेगळंच पत्र धाडलं. 'परवानगीपूर्वी खुलासा व्हावा. नायिका कोण? पुरुष असल्यास मिशी काढणार किंवा कसे?'

उत्तर आलं, 'नायिका आमचे गुरुदास करतात. भावाचे लग्न झाल्यावर मिशी काढतील.'

मास्तरांनी विचारलं, होडी कशी दाखवणार? उत्तर आलं, उलट्या खाटेची. मग खाटेची लांबी विचारली. मग जावयाचा आवाज. दोन महिने मास्तर रोज अंगणात उभे राहून शंकरची वाट पाहू लागले. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आणि मग ते कार्ड आलं. 'आपले नाटक रद्द केले आहे. त्याऐवजी 'बैलगाडीतला जावई' बसवीत आहोत. त्याचे लेखक वारले आहेत, त्यामुळे काही विचारावे लागत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.'

पुढचे चार दिवस शंकर नुसता हात हलवून पुढे गेला. "आज काय्येक नाय हा, मास्तरानू." पाचव्या दिवशी, रविवारी, मास्तरांनी परवानगीचा कागद कोटाच्या खिशात घातला, कुडाळला जाऊन एस.टी. धरली आणि तळेऱ्याला उतरले. पाया पडेन, पण नाटक करा म्हणेन, असं त्यांनी ठरवलं होतं.

शाळेत तालीम रंगली होती. मास्तर दाराशी पोचले आणि आतून बायकी आवाज काढत एक पुरुष म्हणाला, "पाय ओले झाले का हो?"

मास्तर जागीच थबकले. हे वाक्य जानकीचं होतं. होडीतून खाडी ओलांडून ते घरी आले की ती हेच विचारायची. तेच त्यांनी नाटकात घातलं होतं. ती गेल्यापासून त्यांचे पाय ओले की कोरडे, हे कुणी विचारलं नव्हतं.

ते तरातरा आत शिरले. "बैलगाडीत बसून पाय ओले कसे होतील?"

सत्यवान पुढे आला. "आपण कोण?"

"मी वारलेला लेखक."

गुरुदासाच्या डोक्यावरचा पदर खाली आला. सत्यवानाचं तोंड पांढरंफटक पडलं. "मास्तरानू, चुकलो आमी! तुमच्या प्रश्नांका भियालो ओ. शेवटाक होडयेची गाडी केली. प्रयोग चार दिवसांर इलो, आता बंद करू नका!"

"बसा मास्तरानू," भावाचं लग्न अजून व्हायचं म्हणून अर्धीच मिशी काढलेला गुरुदास घाबरत म्हणाला. "च्या ठेवतंय."

मास्तर बसले. "आधी होडी परत आणा. आणि ते वाक्य तसं घाईत म्हणायचं नाही. विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची."

गुरुदासाने पदर सावरला आणि थेट मास्तरांकडे बघत सावकाश विचारलं, "पाय ओले झाले का हो?" मग तो खरंच थांबला.

"नाही गो," मास्तर पुटपुटले. ते नाटकात नव्हतं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. चहा आला. कुणीतरी त्यांच्या पाठीशी उशी ठेवली.

"मगे परवानगी?" सत्यवानाने भीत भीत विचारलं.

मास्तरांनी खिशातला कागद चाचपला, तो आणखी आत ढकलला आणि चहाचा घोट घेतला.

"उद्याची तालीम बघून सांगतो," ते म्हणाले.