कॅमेऱ्याचा टिळा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वाळूजच्या कारखान्यात तापवून टणक केलेल्या टफन काचेची अख्खी रास वाकडी निघाली आणि शिवराजचं डोकं फिरलं. भट्टीतून काच बाहेर पडते तिथं वर एक नवा कॅमेरा बसवला होता. काचेला हात न लावता तो लांबूनच तिची उष्णता ओळखायचा आणि पडद्यावर आकडा दाखवायचा. तो आकडा बघायचं काम शिवराजचं. चार दिवसांच्या ट्रेनिंगनंतर माणूस जेवढा शहाणा होतो, तेवढा तो झाला होता.

“मामा, काच गारच निघायली! वाढवा भट्टी!” तो ओरडला.

“वाढिवली की रं! अजून किती?” भट्टीवरचे सांडूमामा म्हणाले.

“कॅमेरा खोटं बोलतो का?”

मामांनी आणखी वाढवली. पुढच्या काचा तर पापडासारख्या लाटा घेऊनच आल्या. माल संध्याकाळी उस्मानपुऱ्याच्या शोरूमला जायचा होता. सर्जेराव शेठ धावत आले.

“भट्टीवर कोण आहे?”

शिवराजनं मागचापुढचा विचार न करता मामांकडं बोट दाखवलं.

“सांडू, उद्यापासून येऊ नको!”

रोज फुलंब्रीहून येणारे मामा गुपचूप नळावर हात धुवायला गेले.

कॅमेऱ्यावर धूळबिळ असेल म्हणून शिवराज शिडीवर चढला आणि तिथंच थिजला. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर ठसठशीत टिळा! खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली, मग नव्या कॅमेऱ्यालाच कोरडं कसं ठेवायचं, म्हणून त्यानंच चपला काढून, शिडी चढून, भक्तिभावानं डोळे मिटून तिथं कुंकू लावलं होतं. डोळ्यात कुंकू गेल्यावर त्या बिचाऱ्याला काच गारच दिसणार की! अरे देवा!

त्यानं रुमालानं टिळा पुसला. आकडा लगेच ताळ्यावर आला. रुमाल त्यानं खिशात कोंबला. कुणी बघितलं नव्हतं. पण शरमेनं त्याची कानशिलं अशी तापली, की कॅमेरा त्याच्याकडं वळवला असता तर भट्टी बंद करावी लागली असती.

तेवढ्यात मामा आले. “जेवला का रं? तोंड कामून उतरलंय? त्यात तुझं काय चुकलं?”

आता मात्र शिवराजला राहवेना. मामांचा हात धरून तो तडक केबिनमध्ये शिरला.

“शेठ, मामांना काढू नका, मला काढा. कॅमेऱ्याच्या डोळ्याला मी कुंकू लावलं होतं.” त्यानं रुमाल टेबलावर ठेवला.

“अक्कल गहाण टाकली का रे?” शेठ कडाडले. “एवढा महागाचा कॅमेरा, तुला काय म्हसोबा वाटला? असल्या गाढवाला तर एक मिनिट ठेवू नये!”

बोलता बोलता त्यांनी रुमाल उलगडला. लाल कुंकवाखाली केशरी डाग होता. शेठचा आवाज एकदम खाली आला.

“हे अष्टगंध... हे पण तूच लावलं?”

“नाय शेठ. आईशप्पत, मी नुसतं कुंकूच.”

शेठनी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

“खंडेनवमीला सकाळी तुम्ही कुणी यायच्या आधी मी चढलो होतो,” ते पुटपुटले. “नवीन वस्तू. पहिला मान मालकाचा, म्हणून.”

कुणी कुणाकडं बघेना.

“सांडू,” शेठ खाली मान घालून म्हणाले, “उद्या येशील ना?”

“येतो की,” मामा म्हणाले. “पण शेठ, आता तुम्हाला काढायचं कुणी?”