औषध जोडीनं

धोंडाआत्याकडून बोकड घ्यायचा तर आधी भाषण ऐकावं लागतं, आणि ते बोकडाबद्दल नसतं. "निरोध वापरतोस का? बायकोला औषध चालू असंल, तर तू बी घेतलंस का?" गुंजवण्याच्या वरच्या वाडीत भलेभले मिशीवाले मान खाली घालून ऐकतात. सगळ्यांनाच विचारते, त्यामुळे कुणाच्या घरचं दुखणं ते कळत नाही.

मी इथली सिस्टर. प्रशिक्षण माझं, तक्ते माझे, निरोधचा खोका माझा. माझ्या सभेला चार म्हाताऱ्या येतात, त्याही चहाला. आत्यावर मी जळायचे. खोटं कशाला बोलू?

त्यात गावातल्या सुनीताचं झालं. अंगावरून जायचं, ओटीपोटात दुखायचं. डॉक्टरांनी नवऱ्यालाही बोलावलं. तो टेम्पोवर. "मला कुठं काय होतंय?" म्हणून आलाच नाही. पुरुषाला त्रास नसला तरी संसर्ग असू शकतो, संबंधातून तो पुन्हा हिला होतो, हे मी त्याला चारदा सांगितलं. सुनीता औषधानं बरी व्हायची आणि तो घरी आला की पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती रडलीच. "सिस्टर, मला मूल होईल ना हो?"

आणि पुढच्या सोमवारी स्वारी दवाखान्याच्या दारात! रक्त तपासलं, गोळ्या घेतल्या, दोघं पुरती बरी होईपर्यंत लांब राहायचंही कबूल केलं. म्हणे, "बोकड घ्यायला गेलो व्हतो, आत्यानं पाठवलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तडक वाडी गाठली. आत्या शेळ्यांना पाला टाकत होती.

"काय जादू केलीत हो त्याच्यावर?"

"जादू कसली? म्हनलं, एकाच शेळीची खरूज बरी करून भागतं व्हय?"

"एवढ्यावर ऐकलं त्यानं?"

"न्हाई. निघाला व्हता. मग पाया पडले त्याच्या."

"तुम्ही? त्या पोरसवद्याच्या?"

"मग काय! मलाबी भोरचे डॉक्टर म्हनायचे, मालकाला आन. म्या व्हय म्हनायची, आन् एकटीच जायची. घरी बोलायची लाज वाटायची. दोनदा दिवस गेले, दोनीदा पडलं. फुडं राहिलंच न्हाई."

आत्यानं हातातला पाला खाली ठेवला.

"सांगितलं असतं तर मालक आले असते वो," ती म्हणाली. "लई भला मानूस व्हता."