आवाजाचं मोड्यूल

"अम्मी, आज चार वाजता नबीला ह्या डब्यातनं बोलणार. अगदी शेजारी बसल्यागत," शाकिरनं सासूबाईंना छातीठोक सांगितलं.

भोरच्या एसटी स्टँडमागं त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार पाचचं साल. त्याची बायको नबीला नर्स म्हणून कुवेतला गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. फोनवर 'जेवलीस का' विचारेपर्यंत लाईन कट व्हायची. शाकिरला तिचं हसू ऐकायचं होतं, सावकाश, पुरतं संपेपर्यंत.

बानो अम्मी ठेवणीतला दुपट्टा घेऊन, डब्यात शिरखुर्मा भरून आल्या होत्या. तो कुणी खायचा, हे त्यांनाही सांगता येईना.

अडचण एकच होती. मशीनमधलं आवाजाचं मोड्यूल, म्हणजे आवाज सांभाळणारा प्रोग्रॅमचा तुकडा, नुसतं ऐकवायचं, बोललेलं आत घ्यायचं नाही. शाकिरनं नवं मिळवलं होतं. जुनं काढायचं, नवं घालायचं.

"मशीन बंद न करता?" अम्मींनी विचारलं.

"विंडोज न्हाई, लिनक्स हाय, चालतंय. आतला कर्नल, म्हंजे मशीनचा मुकादम, सगळी मोड्यूलं साखळीत ओवून ठेवतो. प्रत्येकाचं नाव, जागा आणि किती जण वापरतायत त्याचा आकडा. आकडा शून्य झाल्याबिगर मोड्यूल निघत न्हाई."

"म्हंजे पाहुणा जेवतोय तवर पाट ओढायचा न्हाई."

"व्हय, तसंच."

त्यानं जुनं मोड्यूल काढायचा हुकूम दिला. मशीन म्हणालं, वापरात आहे. पुन्हा दिला. वापरात आहे. चार वाजायला आले होते. तिकडं नबीला ड्यूटी संपवून कॅफेत येऊन बसली असणार, कानाला हेडफोन लावून.

"अम्मी, मघाशी मशीनवर गाणं लावलं होतं, ते बंद केलंत ना?"

"केलं की. हे बटण पार पिळलं."

त्यांनी स्पीकरचा आवाज बंद केला होता. गाणं आत मुक्यानं चालूच होतं, म्हणजे पाहुणा अजून पाटावरच होता. पण शाकिर तोवर ऐकायच्या पलीकडं गेला होता. त्यानं जबरदस्तीनं काढायचा हुकूम ठोकला.

पडदा थिजला. माऊस मेला. इंटरनेट गेलं. कर्नलनं पाट, पाहुणा आणि पंगत सगळंच उलथून टाकलं होतं. शाकिरनं वैतागून फोनच्याच लाईनवर चालणाऱ्या मोडेमची वायर उपटली आणि डोकं धरून बसला.

वायर निघाली तशी लाईन मोकळी झाली, आणि टेबलावरचा फोन वाजला.

तो उठायच्या आत अम्मींनी रिसीव्हर उचलला.

"नबीला? बेटा!" पुढं त्या बोलतच राहिल्या. विंझरच्या मावशीचा गुडघा झाला, अम्रीनचं लग्न झालं, शेळी व्याल्याचंही झालं. शाकिर हात पुढं करून उभा. रिसीव्हरमधून तिच्या हसण्याचा बारीक तुकडा बाहेर आला. तो आणखी वाकला, तर लाईन कट.

अम्मींनी डोळे पुसले. "लई ग्वाड आवाज आला, जावईबापू. उगाच लोक तुमच्या कॉम्प्युटरला नावं ठेवत्यात."

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना द्या. म्या म्हटलं, ते कामात हायेत."